आमची बोली ज्याला कळली

माझी पोस्टिंग कंपनी हेडक्वार्टरच्या सिग्नल बंकरमध्ये होती. नियंत्रण रेषा जवळ होती, पण समोरचा माणूस दिसावा इतकी जवळ नाही. मी तेव्हा नाईक होतो. सेटसमोर बसायचं, हेडसेट कानाला लावायचा, पुढच्या चौक्यांचे निरोप घ्यायचे आणि त्यांना द्यायचे, एवढंच काम. गावाकडे लोक विचारतात, "कोणती बंदूक होती?" मी सांगतो, बंदूक होती, पण कमावून खाल्लं ते कानांवर. लोक जरा हिरमुसतात.

मी आर्णीजवळच्या तांड्यातला, बंजारा. घरात गोरबोली, रस्त्यावर वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी आणि भरती झाल्यावर फौजी हिंदी. चार भाषा येतात म्हणून मी कधी स्वतःला शहाणा समजलो नाही. उलट घाटंजीच्या बाजारात आमच्या बाया आपसात बोलू लागल्या की दुकानदार नक्कल करून हसायचे, ते पाहत मी मोठा झालो. शाळेत तर मी गोरबोली येतच नाही असं सांगायचो.

आमच्या कंपनीची सगळ्यात पुढची चौकी म्हणजे चार्ली-टू. तिथे पाणी नव्हतं. चौकीच्या खाली नाल्याच्या काठाला एक झरा होता. रोज सकाळी काही जवान जेरीकॅन घेऊन खाली उतरायचे. त्यांना आम्ही पाणी पार्टी म्हणायचो. झऱ्याची जागा पलीकडच्या एका टेकडीवरून उघडी पडायची. पलीकडचे लोकही नाल्यात खालच्या अंगाला पाण्याला येत. पाणी भरणाऱ्यावर गोळी चालवायची नाही, असं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पाळलं मात्र जात होतं. तरी भरवसा कुणाचा धरायचा? पाणी पार्टीची वेळ रोज बदलायची. वेळ कंपनी ठरवायची आणि आदल्या संध्याकाळी मी ती सेटवरून चार्ली-टूला कळवायचो. टेलिफोनची लाइन होती, पण ती जेवढी जोडलेली असे तेवढीच तुटलेली.

चार्ली-टूवरचा सिग्नलवाला लान्स नाईक प्रल्हाद राठोड. आम्ही त्याला पऱ्हाद म्हणायचो. घाटंजीच्या पलीकडच्या तांड्यातला. माझी त्याची पहिली गाठ पडली तेव्हा तो एका खेचराशी भांडत होता. खेचर हलेना आणि हा त्याच्या सात पिढ्या उद्धरत होता, त्याही अस्सल गोरबोलीत. हिमालयाच्या त्या थंडीत माझ्या कानावर माझ्या आजीच्या शिव्या पडल्या. मी मागून गोरबोलीतच म्हटलं, "त्याला हिंदी येतं, हिंदीत सांग." तो वळला. दोन गोर, म्हणजे बंजारा, माणसं भेटली की आधी तांडा विचारतात, मग पाडा, म्हणजे कूळ. मी आडे, तो राठोड. खेचर तसंच उभं होतं आणि आम्ही कुणाची आत्या कुणाच्या तांड्यात दिली ते काढत बसलो. त्या दिवसापासून तो मला भाऊ म्हणू लागला.

सेटवर निरोप संपला की आम्ही दोन वाक्यं गोरबोलीत बोलायचो. पाऊस झाला का, कापूस निघाला का, घरून फोन आला का. सेटवर आपली बोली बोलायची नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. एका संध्याकाळी कंपनी कमांडर साहेब मागे येऊन उभे राहिले. मला कळलंच नाही.

"ये कौन सी भाषा है?"

मी उभा राहिलो. "साब, गोरबोली. बंजारा लोगों की."

"कौन समझता है?"

"साब, हम दोनों."

मला वाटलं, आता पिट्टू परेड, म्हणजे पाठीवर ओझं बांधून पळायची शिक्षा. साहेबांनी सेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो टाइमिंग इसी में दो. उनका बाप भी नहीं समझेगा."

झालं. त्या दिवसापासून पाणी पार्टीची वेळ, रेशनची वेळ, खेचरं कधी निघणार, सगळं गोरबोलीत जाऊ लागलं. ज्या बोलीवर बाजारात लोक हसत, तिच्यात एका कंपनीचा कारभार चालू झाला. पऱ्हादची छाती फुगली. माझीही फुगली, खोटं कशाला बोलू.

बोरी अरबपासून घाटंजीपर्यंतच्या शाळा मला सव्वीस जानेवारीला बोलावतात. मी तिथे ही गोष्ट इथपर्यंत सांगतो. मग थेट सांगतो की प्रल्हाद राठोड पाण्याच्या वाटेवर शहीद झाला. टाळ्या पडतात. पऱ्हादच्या तांड्यात त्याच्या नावाचा ओटा आहे. मागच्या भिंतीवर रंगवलं आहे, 'आपली बोली दुश्मनाला कळली नाही.' ते वाक्य माझ्याच भाषणातून घेतलं आहे.

ते खोटं आहे. पुढचं मी शाळेत सांगत नाही.

होळीचे दिवस होते. आमच्याकडे होळीला तांड्यात लेंगी गातात, बाया-पुरुष गोल धरून नाचतात. पऱ्हादचा गळा चांगला. त्या संध्याकाळी निरोप संपल्यावर म्हणाला, "भाऊ, गाऊ का थोडं?" मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "गा, पण हळू." सेटवर हळू गायचं आणि जोरात गायचं यात फरक नसतो, हे सिग्नलवाल्याला सांगावं लागू नये. तो गायला. मग नेहमीप्रमाणे बॅटरी वाचवायला त्याने सेट बंद केला. कंट्रोलचा, म्हणजे माझा, सेट मात्र कायम चालू ठेवावा लागतो.

त्याच फ्रिक्वेन्सीवर एक आवाज आला. "फेर गा." म्हणजे, पुन्हा गा.

 आवाज पुन्हा आला. पऱ्हादचा नव्हता. वयाने मोठा, सर्दी झाल्यासारखा. बोली आमची नव्हती, पण आमच्या बोलीच्या चुलत घरातली होती. आज्या-पणज्या ज्या मुलखातून आपण आलो असं सांगत, त्या वाळवंटाकडची. त्याला गाणं कळलं होतं. म्हणजे वेळाही कळत होत्या.

नियम सरळ आहे. समोरचा माणूस नेटवर, म्हणजे आपल्या सेटच्या जाळ्यावर, आला की बोलायचं नाही, लगेच वर रिपोर्ट करायचं, फ्रिक्वेन्सी बदलायची. मी हे नव्या पोरांना शिकवलं होतं. मी स्विच दाबला आणि विचारलं, "तू कोण?"

का विचारलं? याचं उत्तर मी स्वतःला निरनिराळ्या वर्षी निरनिराळं दिलं आहे. माहिती काढावी म्हणून, असं बरीच वर्षं म्हणत होतो. ते खरं नाही. मला कुतूहल होतं, बस. कुणीतरी सांगावं की आपण कुठले.

त्याने नाव सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याने विचारलं, मिठाला काय म्हणता? मी म्हटलं, लूण. तो हसला. तिकडेही लूण. भाकरीला बाटी, तिकडेही बाटी. बैल, बळद. त्याच्याकडे उंट जास्त. मग तो रोज नाही, पण अधूनमधून येऊ लागला. पऱ्हादने सेट बंद केला की याचा आवाज. बंकरमधल्या बाकीच्यांना वाटे, आडे पऱ्हादशीच गप्पा मारतो आहे. त्यांना दोन्ही सारखंच.

एकदा तो म्हणाला, आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, इथली काही माणसं बैलांवर मीठ लादून दक्षिणेकडे गेली ती परत आलीच नाहीत. मी हेडसेट घट्ट धरला. ती माणसं म्हणजे आम्ही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी तीच वाट दुसऱ्या टोकाकडून सांगितली होती. मला रडू आलं, आणि शेजारी बसलेल्या जवानाला मी म्हटलं की कांदा चिरून आलो आहे.

फौजेचा एक शब्द मी त्याला सांगितला नाही. त्याने विचारलाही नाही. हे मी पुढे स्वतःला कितीदा तरी ऐकवलं. पण सांगायची गरज कुठे होती? तो सगळं ऐकतच होता. आमची पाणी पार्टी कधी उतरणार, हे पऱ्हादच्या बरोबरीने त्यालाही कळत होतं, आणि तरी झऱ्यावर कधी गोळी आली नाही. मी मनात हिशेब मांडला की तो ऐकतो आणि पोटात ठेवतो. एका परक्या माणसाच्या पोटावर मी आमच्या पोरांचे जीव ठेवले, आणि त्याला तसं विचारलंही नव्हतं.

रिपोर्ट केलं तर काय झालं असतं? गोरबोली बंद झाली असती. पहिला प्रश्न आला असता, केव्हापासून? दुसरा, तू काय बोललास? माझं नाव हवालदारीच्या कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला, जायचं होतं. आणि तो आवाज गेला असता. तिन्ही कारणं होती. कोणतं सगळ्यात मोठं होतं, ते मी आज सांगू शकत नाही. मी मूग गिळून बसलो. पऱ्हादलाही सांगितलं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

मग ती संध्याकाळ आली. कमांडर साहेब बटालियनला गेले होते. कंपनी सुभेदार साहेबांच्या हाती होती. मी चार्ली-टूला दुसऱ्या दिवशीची पाण्याची वेळ दिली, उजाडताना. पऱ्हादने घेतली, सेट बंद केला. थोड्याच वेळात तो आवाज आला. त्या दिवशी हसला नाही, काही विचारलं नाही.

"हूं जाऊं. नवा आवे. काल पाणी कने मत आवजो."

मी जातो आहे, नवे येत आहेत, उद्या पाण्याजवळ येऊ नका. एवढंच. मी दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. तो आवाज पुन्हा कधीच आला नाही.

पलीकडची पलटण बदलत होती हे खरं असावं. पण हा इशारा होता, की आम्हाला एका जागेवर घाबरवून दुसरीकडून काही करायचा डाव होता? असेही डाव खेळले जातात. हे ठरवणं माझं काम नव्हतं. ज्यांचं होतं त्यांच्यापर्यंत पोचवणं माझं काम होतं.

मी सुभेदार साहेबांच्या बंकरमध्ये गेलो. ते चहा पीत होते.

"साब, कल चार्ली-टू की पानी पार्टी रोक दें?"

"क्यों?"

"साब, खतरा लग रहा है."

"खबर है?"

मी त्यांच्या चहाच्या कपाकडे पाहिलं. खबर आहे म्हटलं की कुणाची ते सांगावं लागणार. ते सांगितलं की सगळंच सांगावं लागणार.

"नहीं साब. ऐसे ही."

"ऐसे ही से पलटन नहीं चलती, आडे. ऊपर पानी खतम है."

"जी साब."

मी सॅल्यूट केला आणि बाहेर आलो. सुभेदार साहेबांना मी आजवर मनातसुद्धा दोष दिलेला नाही. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी पार्टी थांबवली असती आणि मला रातोरात बटालियनला पाठवलं असतं. दोन्ही बरोबरच झालं असतं.

त्या दिवशी नेमकी टेलिफोनची लाइन जोडलेली होती. लाइनवरचं पलीकडे ऐकू जात नाही. मी चार्ली-टू लावली आणि पऱ्हादला मागितलं. आम्ही गोरबोलीतच बोललो. इथे वाचणाऱ्यांसाठी वऱ्हाडीत लिहितो.

"पऱ्हाद, उद्या तू पाण्याले जाऊ नको."

"काहून?"

"पोट दुखते म्हण. काईबी सांग."

"भाऊ, मले सांग ना, काहून?"

"मनात आलं."

तो हसला. "तुयं मन कधीपासून सेटवर बसून राह्यलं?" मग म्हणाला, "मी नाही गेलो तं सेट कुलदीप उचलीन. त्याले कोनाचा निरोप आला का?"

मी लाइनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"मंग झालं तं," पऱ्हाद म्हणाला. "येतो सकाळी सेटवर."

कुलदीप म्हणजे हिमाचलचा शिपाई, चार्ली-टूवर पऱ्हादचा बंकर सोबती. मला तो चांगला माहीत होता. राजमा फार सुंदर करायचा. त्या संध्याकाळी मी चार्ली-टूवरच्या एका माणसाला वाचवायला फोन लावला होता, आणि कुलदीप मला आठवलासुद्धा नाही. पऱ्हादने आठवण करून दिली, तरी मी गप्प बसलो.

सकाळी उजाडताना पऱ्हाद नेटवर आला. आवाज खुशीतला होता.

"कंट्रोल, चार्ली-टू. पाणी पार्टी निघाली. ओव्हर."

"चार्ली-टू, कंट्रोल. रॉजर. सांभाळून. ओव्हर."

सांभाळून हा शब्द सेटवर कुणी वापरत नाही. एवढीच माझी हिंमत.

नंतर थोडा वेळ काही नाही. मग आमच्या बंकरपर्यंत फायरचा आवाज आला. मशीनगन होती. मी हाका मारत राहिलो. पऱ्हाद आला, धापा टाकत.

"कंट्रोल, झऱ्यावर फायर. कुलदीप पडला. उघड्यावर आहे. ओव्हर."

"चार्ली-टू, आड घे. कव्हर फायर येतोय. आड घे. ओव्हर."

"तो हाक मारतोय. मी जाऊन येतो. आउट."

घरातून निघताना आपण म्हणतो तसंच म्हणाला. सेट त्याने दगडाआड ठेवला होता, म्हणून सेटला काही झालं नाही. सोबतचा तिसरा जवान नाल्याच्या कडेने सरपटत परत आला. त्याने सांगितलं, पऱ्हादने कुलदीपला पट्ट्याला धरून निम्म्या वाटेपर्यंत ओढत आणलं होतं. दोघे तिथेच गेले. अंधार पडल्यावर त्यांना वर आणता आलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, आधी काही संकेत मिळाला होता का? मी म्हटलं, नाही साहेब. पलीकडची पलटण बदलली आणि नव्यांनी उघड्या जागेवर नजर ठेवून फायर केला, असा निष्कर्ष निघाला. कदाचित तेच खरं असेल. झरा उघडाच होता, त्यांना वेळ कळायची गरज नव्हती. की जाताना त्या माणसाने आमच्या वेळा नव्यांच्या हवाली केल्या आणि मनाला लागलं म्हणून मला सावध केलं? की आमचं बोलणं पकडलं गेलं आणि त्याच्याकडून काढून घेतलं? मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. कुठल्याही बाजूने गेलो तरी वाट त्या संध्याकाळच्या चहापाशी येते, जिथे मला फक्त "खबर आहे साहेब" म्हणायचं होतं.

मी हवालदार झालो. निवृत्त झालो. आता आर्णीला एका जिनिंगवर गेटवर असतो, शेतात तूर-कापूस आहे. पऱ्हादच्या आईकडे दरवर्षी जातो. आमच्यात आईला याडी म्हणतात. मीही तिला याडीच म्हणतो. ती माझ्या हातात हात घेऊन दरवेळी एकच विचारते, "सेटवर काय बोलत होते तुमी दोघं?" मी सांगतो, कापसाचं, पावसाचं, तुझं. ती शेजारणींना बोलावून पुन्हा सांगायला लावते.

यंदा पऱ्हादचे वडील गेले. घरात दुसरा पुरुष नाही, लेक आपल्या सासरी. दिवाळीच्या आधी याडीचा निरोप आला, धबुकार टाकायला ये. धबुकार म्हणजे चुलीतले निखारे बाजूला काढायचे, त्यावर लापशी आणि तूप टाकायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. हे घरच्याच माणसाने करायचं असतं. आजवर मी त्या वेळी काही ना काही निमित्त काढून बाहेर थांबत आलो होतो. यंदा निमित्त नव्हतं.

दिवाळीला दुपारीच मोटरसायकलने पोचलो. दारापुढे वेचलेल्या कापसाचं गाठोडं पडलं होतं. याडीने निखारे काढून ठेवले होते, लापशीचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"टाक. तुया बापाच्या नावानं टाकतो तसंच."

माझा हात ताटात गेला आणि तिथेच राहिला. मी म्हटलं, "याडी, आधी एक ऐक."

सगळं सांगितलं. होळीचं गाणं, तो आवाज, लूण आणि बाटी, सुभेदार साहेबांचा चहा. लाइनवरचं बोलणं तेवढं राहिलं.  निखाऱ्यांवर राख धरू लागली तेव्हा तिने एकदा फुंकर मारली, एवढंच.

"म्हंजे त्याले आपली बोली कळे," ती म्हणाली.

"हाव."

"त्यानं तुले सांगितलं, येऊ नका म्हणून."

"हाव, याडी."

"अन् तू?"

"मी पऱ्हादले सांगितलं. त्याच दिवशी. जाऊ नको म्हटलं, पोट दुखते म्हण म्हटलं. त्यानं आयकलं नाही."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं. सगळं सांगायची वेळ आली तर निदान हे माझ्या बाजूने उभं राहील, असं वाटत होतं.

"एकट्याले सांगितलं?"

"हाव."

"बाकीच्यायले माय नोती का?"

 बाहेर कुणीतरी बैल सजवत होतं, त्याच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"दुसरा गेला तो कोन होता?" तिने विचारलं.

"कुलदीप. हिमाचलचा."

तिने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदाच ऐकत होती. इतक्या वर्षांत मी या घरात, शाळेत, ओट्यापुढे, कुठेच ते नाव घेतलं नव्हतं. माझ्या गोष्टीत त्याचं काम नव्हतं.

"पह्यले त्याच्या नावानं टाक," याडी म्हणाली. "मंग पऱ्हादच्या."

मी टाकलं. कुलदीप, मग पऱ्हाद, मग त्याचे वडील. तूप पेटलं, लापशी जळाल्याचा गोड वास घरभर झाला. याडीने हात जोडले, मीही जोडले. मला वाटलं, आता ती जा म्हणेल, पुन्हा येऊ नको म्हणेल. तिने माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. मी जेवत असताना समोर बसून राहिली.

निघताना दारापर्यंत आली. ओट्यामागची भिंत तिथून दिसते. मी विचारलं, "ते लिहिलेलं पुसून टाकू का?"

तिने भिंतीकडे पाहिलं. "थे मंग पाहू. त्या पोराच्या मायले कोनं सांगितलं?"

"फौजेनं कळवलं होतं, याडी."

"थे नाही इचारून राह्यली मी."

मी मोटरसायकल चालू केली आणि निघालो. घाटंजीपर्यंत कुठे थांबलो नाही. कुलदीपच्या गावाचा पत्ता माझ्याकडे आहे. तो कधीच हरवला नव्हता.